एकतीस-सतरा दुसऱ्याच्या हातात

सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि एवारिस्तो कोलोहुआ ओरिसाबाच्या यार्डात नव्या इंजिनाच्या खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघत होता. मागे बघायची खरं तर गरज नव्हती. समोर दोन पडदे होते. ब्रेकचा दाब, डिझेलची पातळी, मागे किती वजन आहे, सगळं त्यांवर हिरव्या अक्षरांत येत होतं. त्याला हवं ते मात्र पडद्यावर येत नव्हतं. गाडीच्या दुसऱ्या टोकाला, मक्याच्या आणि सिमेंटच्या डब्यांपलीकडे, एक जुनं इंजिन जोडलं जात होतं. धुक्यात त्याचा नुसता दिवा दिसत होता.

"खिडकी लाव," रुतिलिओ म्हणाला. "एसी वाया जातोय."

"या थंडीत कसला एसी?"

"मग हीटर असेल. काहीतरी चालू आहे आणि मला ते आवडतंय."

रुतिलिओ हा एवारिस्तोचा सहायक. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बडबड्या. नव्या इंजिनावर बदली झाली त्या दिवशी त्याने बायकोला फोन करून सांगितलं होतं की संडास आतच आहे आणि त्याला दार आहे. तेव्हापासून तो सुखी होता.

एवारिस्तोने खिडकी लावली. तेवढ्यात मागून भोंगा वाजला. तीन सुरांचा भोंगा, त्यातला एक सूर फाटका. मागचं इंजिन जोडून झालं, याची ती खूण.

"आली बघ तुझी जुनी," रुतिलिओ म्हणाला. "तयार होऊन. दुसऱ्याबरोबर."

हे रोजचं होतं.

ओरिसाबाहून वर जाणारी मालगाडी एकट्या पुढच्या इंजिनांच्या जोरावर माल्त्राताचा घाट चढत नाही. तिला मागून रेटा द्यायला आणखी एक इंजिन लागतं. बँकर. ते माथ्यापर्यंत ढकलतं, तिथे सुटतं आणि एकटंच खाली परत येतं. एवारिस्तोने नऊ वर्षं हे काम केलं, आणि नऊही वर्षं एकाच इंजिनावर. एकतीस-सतरा. चाळिशी उलटलेलं इंजिन. त्याचे मालक बदलले, तीनदा रंग बदलला, पण आतला सांगाडा, इंजिन आणि भोंगा तोच राहिला. यार्डातली माणसं त्याला 'ती' म्हणत. इथे सगळ्याच इंजिनांना 'ती' म्हणतात, पण एकतीस-सतराबद्दल बोलताना ते जरा जास्त मनापासून म्हणत.

मनापासून म्हणायला कारण होतं. ती थांबत नसे. डिझेल, पाणी आणि तेल द्या, मग पाऊस असो की गारठा, ती चालणार. बिघडली तर बिघाड दिसतो. गळत असेल तिथे ओल असते, झिजलं असेल तिथे हाताला कळतं, आणि यार्डातला कुठलाही मिस्त्री पाना आणि रबराचा तुकडा घेऊन दुपारपर्यंत तिला उभी करतो. नव्या इंजिनात बिघाड झाला की पडद्यावर आकडा येतो. तो आकडा फोनवरून लांबच्या शहरातल्या एका माणसाला वाचून दाखवायचा, मग तो म्हणतो, थांबा. ओरिसाबात हा शब्द ऐकून सगळे कंटाळले होते. गेल्या वर्षी तीन नवी इंजिनं माल्त्राताच्या खाली एका ओळीत असा 'थांबा' ऐकत उभी होती, आणि एकतीस-सतराने ती एकेक करून यार्डात ओढून आणली. हँडलवर एवारिस्तो होता. ती गोष्ट तो अजून सांगतो. फक्त आता सांगताना शेवट जरा लवकर करतो.

ती त्याच्या हातून गेली ती कुणाच्या वाईटपणामुळे नाही, हेच त्याला जास्त झोंबत होतं.

ड्रायव्हरांच्या पाळ्या ज्येष्ठतेने ठरतात. वर्षातून दोनदा सगळ्या पाळ्या फळ्यावर लागतात. ज्याची नोकरी जुनी तो आधी निवडतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. एवारिस्तो आणि लेओबार्दो मेरिनो एकाच आठवड्यात भरती झाले. लेओबार्दो सोमवारी, एवारिस्तो गुरुवारी, कारण मधले तीन दिवस तो गालगुंडाने घरी पडून होता. ते तीन दिवस त्याला पुढच्या पंचवीस वर्षांत कधी ओलांडता आले नाहीत. लेओबार्दो इतकी वर्षं बंदराकडची लांबची पाळी निवडत आला, कारण तिथे पगार जास्त. यंदा जानेवारीत त्याच्या बायकोचे, ओफेलियाचे, पाय गेले. चालणं बंद झालं. लेओबार्दोला रोज दुपारी घरी असायला हवं होतं. रोज दुपारी घरी सोडणारी पाळी एकच. फळ्यासमोर उभा राहून त्याने बँकरवर बोट ठेवलं आणि मागे वळून एवारिस्तोकडे बघितलं.

"माफ करा, कोंपाद्रे," तो म्हणाला.

लेओबार्दोने एवारिस्तोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मपिता म्हणून हातावर घेतलं होतं. तेव्हापासून ते दोघे कोंपाद्रे, आणि कोंपाद्रे एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. लहानपणी एकाच चिखलात एकमेकांना लाथा मारत फुटबॉल खेळले असले तरी.

"कामाची गोष्ट आहे, कोंपाद्रे," एवारिस्तो म्हणाला. "माफी कसली."

इंजिन ताब्यात देताना लेओबार्दोने विचारलं होतं, "हिच्या काही खोडी असतील तर सांगून ठेवा."

एवारिस्तोने सांगितल्या. डावी खिडकी पूर्ण लागत नाही. खुर्चीवर घडी घातलेलं पोतं लागतं, नाहीतर कंबर जाते. भोंग्याची दोरी तिरकी ओढायची. एवढंच सांगितलं. एक मोठी खोड सांगितली नाही.

ती खोड अशी. माल्त्राताच्या वर, छोट्या चॅपेलच्या पुढे, चढ एकदम अंगावर येतो. पुढचा ड्रायव्हर रेडिओवर 'आठ' म्हणतो, म्हणजे हँडल शेवटच्या, आठव्या खाचेत न्यायचं, पूर्ण जोर. तिथे अधूनमधून एकतीस-सतराच्या इंजिनाशेजारचं एक लाल बटण आपोआप बाहेर यायचं. पाणी कमी झालं असं सांगणारं बटण. ते बाहेर आलं की इंजिन बंद. पाणी मात्र पुरेसं असायचं. एवारिस्तोला ते माहीत होतं. तो खुर्चीतून उडी मारून मागच्या बोळातून धावायचा, बटण आत दाबायचा, इंजिन सुरू करायचा, आणि पुढच्याला जेमतेम कळायचं की मागे काही झालं होतं. महिन्यातून एकदोनदा असं व्हायचं. त्याने ते कधी कळवलं नाही. कळवलं असतं तर वर्कशॉपने तिला चार दिवस उघडून ठेवलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. ही गोष्ट फक्त त्याला माहीत होती, हेच त्याला आवडत होतं.

म्हणून फेब्रुवारीत तो वाट बघत होता. आता पुढच्या इंजिनात तो स्वतः होता, आणि रेडिओवर 'आठ' म्हणणाराही तोच. चॅपेल मागे पडलं की तो रुतिलिओला गप्प बसवायचा आणि मागचा रेटा अंगाने ऐकायचा. रेटा ऐकू येत नाही, तो कमरेला कळतो. डबे मागून एकावर एक टेकत येतात आणि शेवटी तो जोर पुढच्या खुर्चीपर्यंत पोचतो. बटण बाहेर आलं असतं तर तो जोर एकदम गेला असता, आणि मग रेडिओवर लेओबार्दोचा गोंधळलेला आवाज आला असता. त्याला काय उत्तर द्यायचं तेही एवारिस्तोने ठरवून ठेवलं होतं. शांतपणे म्हणायचं: लाल बटण दाबा, कोंपाद्रे. तिला हात ओळखीचा लागतो.

फेब्रुवारी गेला. मार्च गेला. रेटा यायचा तो पाठीशी कुणी उशी ठेवावी तसा यायचा आणि माथ्यापर्यंत तसाच राहायचा.

"मागचा छान ढकलतो," रुतिलिओ एकदा म्हणाला. "तू मागे होतास तेव्हा पुढचे म्हणायचे, खुर्चीत दचकायला होतं."

"कोण म्हणायचं?"

"सगळे. कौतुकाने."

घरीही हेच. एवारिस्तोचं घर रिओ ब्लांकोला, कापड गिरणीजवळच्या फाटकाला लागून. नऊ वर्षं त्याची बायको हेनोवेवा दुपारी फाटकावर तो फाटका भोंगा ऐकायची आणि चुलीवर बीन्स ठेवायची. बीन्स गरम होईपर्यंत नवरा यार्डातून सायकलने घरी. पाळी बदलल्यावर पहिल्या आठवड्यात तिने सवयीने भोंग्यावर बीन्स ठेवल्या आणि तो आला तेव्हा त्या करपून तळाशी लागल्या होत्या. कारण आता भोंगा लेओबार्दोचा होता आणि तो स्वतः माथ्यापलीकडून दुसरी गाडी घेऊन दोन तासांनी येत होता.

"मी काय करू?" हेनोवेवा म्हणाली. "तुझ्या नव्या इंजिनाचा आवाज ट्रकसारखा आहे. हायवेवरचा प्रत्येक ट्रक तूच वाटतोस."

"त्याचा भोंगा ऐकू येतो ना?"

"येतो. वेळेवर येतो. तुझ्यापेक्षा वेळेवर येतो." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "एक सांग. तू इंजिनावर रुसलायस की माणसावर?"

तो करपलेल्या बीन्स खात राहिला.

एप्रिलच्या शेवटी वर्कशॉपच्या एपिफानियोने त्याला बोलावलं. एपिफानियोला सगळे माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणत. हातात नेहमी एक चिंधी, आणि तिने तो सतत बोटं पुसत असे, बोटं स्वच्छ असली तरी. घाटासाठी आणखी दोन नवी इंजिनं येणार होती. ती मागे जोडली की मागे ड्रायव्हर लागत नाही, पुढचाच रेडिओवरून दोन्ही टोकं चालवतो. जुन्या बँकरचं काय करायचं, ते वरच्या ऑफिसने एपिफानियोला विचारलं होतं.

"मला एवढंच सांग," तो म्हणाला. "तू तिच्यावर नऊ वर्षं काढलीस. घाटात बंद पडते का?"

एवारिस्तोला प्रश्नाचा अर्थ पूर्ण कळला. 'नाही' म्हटलं तर एकतीस-सतरा राहते, आणि लेओबार्दोकडे राहते. 'हो' म्हटलं तर ती जाते. कुणाकडेच राहत नाही.

"पडते," तो म्हणाला. "चॅपेलच्या वर. पाण्याचं बटण बाहेर येतं."

आणि हे खोटं नव्हतं. घरी जाताना सायकलवर त्याने हे स्वतःला तीनचारदा सांगितलं.

एपिफानियोची चिंधी थांबली होती. "लेओबार्दोने कधी सांगितलं नाही."

"नाही सांगणार. त्याला ती पाळी हवी आहे."

"मग असं करू. परवा तू मागे बस. लेओबार्दो पुढे. मी तुझ्या शेजारी बसतो. पडली तर मी डोळ्यांनी बघितलेलं लिहीन."

अशा रीतीने एवारिस्तोला त्याचं इंजिन एका दिवसासाठी परत मिळालं, ते मोडीत काढण्यासाठी.

आदल्या संध्याकाळी लेओबार्दो घरी आला. हातात कागदात बांधलेले चार पाम्बासो, मिरचीच्या रश्शात बुडवून तळलेले भरले पाव, अजून गरम. हेनोवेवाने कॉफी ठेवली. ओफेलिया कशी आहे, मुलगी शहरात कशी आहे, पाऊस यंदा लवकर येणार का, एवढं बोलून झालं. मग लेओबार्दोने कप खाली ठेवला.

"कोंपाद्रे, एपिफानियो बटणाबद्दल म्हणाला."

"हं."

"मला तीन महिन्यांत एकदाही दिसलं नाही."

"नशीब तुमचं."

"मीही आधी तेच म्हणालो. पण रात्री विचार केला." लेओबार्दो जरा अवघडला होता. खुर्चीच्या टोकावर बसला होता. "राग येणार नसेल तर विचारू? तुम्ही आठवर कसे जाता?"

"जायचं तसे. पुढचा म्हणाला आठ, की आठ."

"पाचवरून?"

"जिथे असेन तिथून. चढ वाट बघत नाही, कोंपाद्रे."

लेओबार्दोने मान डोलावली. टेबलाच्या कडेवर त्याने हाताने हँडल धरल्यासारखं धरलं आणि हळूहळू पुढे सरकवलं. सहा. थांबला. सात. थांबला. बराच वेळ थांबला. आठ. "मी असा जातो. तिचा पाण्याचा पंप जुना आहे. एकदम पळवली की पंपाला दम लागतो, तेवढ्यात बटणाला वाटतं पाणी संपलं. मला वाटतं हां. मला नक्की माहीत नाही." त्याने हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवला. "ती गेली तर मला परत बंदराची पाळी. आठवड्यात तीन रात्री बाहेर. ओफेलियाला उठवून बसवायला कुणी नाही. उद्या तेवढं सातवर थांबाल का?"

स्वयंपाकघरात हेनोवेवाचा भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"बघू," एवारिस्तो म्हणाला.

तो गेल्यावर हेनोवेवा बाहेर आली आणि उरलेला पाम्बासो कागदात परत गुंडाळू लागली. "तुझा कोंपाद्रे तुझ्या घरी येऊन तुझं इंजिन तुला शिकवून गेला," ती म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं की नुसतंच, ते तिच्या आवाजावरून कळलं नाही. एवारिस्तोने मात्र ते टोमणा म्हणूनच घेतलं.

सकाळी तो एकतीस-सतरावर चढला तेव्हा पायरीवरचा पाय आपोआप योग्य जागी पडला. आत डिझेल, जुनं रबर आणि कॉफी यांचा तोच वास होता. पण खुर्चीवर पोतं नव्हतं. त्या जागी उशी होती, कडेने टाके घातलेली, फुलाफुलांच्या कापडाची. ओफेलियाने बसल्या बसल्या शिवलेली असणार. भोंग्याची दोरी आता सरळ ओढता येत होती, कुणीतरी वरची कडी नीट बसवली होती. डाव्या खिडकीला अर्ध्या बोटाची फट राहायची, ती आता पूर्ण लागत होती. नऊ वर्षं ही खिडकी लागत नाही असं तो लोकांना सांगत आला होता.

तो उशीवर बसला. कमरेला बरं वाटलं. त्याचाही त्याला राग आला.

"काही बदललंय का?" दुसऱ्या खुर्चीतून एपिफानियोने विचारलं.

"नाही," एवारिस्तो म्हणाला.

गाडी सुटली. रिओ ब्लांकोच्या फाटकावर त्याने भोंगा दिला, आणि दोरी तिरकी ओढायच्या सवयीमुळे सूर मध्येच तुटला. नोगालेस गेलं, मेन्दोसा गेलं. माल्त्राताच्या खोऱ्यात ऊन होतं, शेतांत माणसं वाकलेली होती, आणि डोंगराच्या अर्ध्यावर धुकं पडद्यासारखं लोंबत होतं. इंजिन खाली धडधडत होतं, एकसारखं, जाड आवाजात. नव्या इंजिनाचा आवाज बंद दारामागून येतो. हा आवाज पायातून वर येत होता. दोन मिनिटं एवारिस्तो पुढचं सगळं विसरला. त्याला फक्त एवढंच वाटलं की रोज सकाळी, तीन महिने, हे दुसऱ्या कुणाच्या तरी पायातून वर गेलं.

चॅपेल दिसलं. धुकं सुरू झालं. एपिफानियो उठला आणि मागच्या बोळाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तिथून बटण दिसतं.

रेडिओ खरखरला. "मागे. आठ." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "सावकाश, कोंपाद्रे."

एपिफानियोने ते ऐकलं. रुतिलिओ पुढे लेओबार्दोच्या शेजारी बसून ऐकत होता. त्या लाइनवर रेडिओ लावलेल्या प्रत्येकाने ऐकलं की एवारिस्तो कोलोहुआला त्याच्याच इंजिनावर, त्याच्याच वळणावर, सावकाश जा म्हणून सांगावं लागतं.

हँडल पाचव्या खाचेत होतं. त्याच्या मुठीत सगळं होतं. एक झटका, सहा सात आठ, नऊ वर्षं दिला तसा. बटण बाहेर आलं असतं. एपिफानियोने डोळ्यांनी बघितलं असतं. कुणी म्हणालं नसतं की एवारिस्तोने काही वाईट केलं. त्याने जे सांगितलं तेच घडलं असतं. आणि उद्यापासून त्या उशीवर कुणी बसलं नसतं.

मूठ आवळली आणि तेवढ्यात त्याला पुढचा भाग दिसला. इंजिन बंद पडतं. डबे मागे ओढले जातात. तो धक्का पुढच्या खुर्चीपर्यंत जातो. लेओबार्दोच्या कमरेला कळतं. रुतिलिओ बघतो त्याच्याकडे. आणि लेओबार्दो काहीच बोलत नाही, कारण तो चांगला माणूस आहे. पण त्याला माहीत असतं, आणि रुतिलिओला कळतं, आणि दुपारपर्यंत सगळ्या यार्डात होतं की मेरिनोच्या हातात तीन महिने बंद पडली नाही ती कोलोहुआच्या हातात पहिल्याच दिवशी पडली.

हे त्याला सोसलं नसतं. ओफेलियाचे पाय त्याच्या मनात आले नाहीत, असं तो पुढे हेनोवेवाला म्हणाला, आणि ते खरं असावं.

त्याने हँडल सहावर नेलं. आवाज चढला, स्थिर झाला. सात. इथे त्याचा हात पुढे जायला बघत होता, मनगटाला जुनी सवय होती. त्याने दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरलं. धुक्यात एक खांब गेला, मग दुसरा. आवाज जड झाला, मग मोकळा झाला. पंपाने श्वास घेतला असं म्हणायचं तर म्हणता येईल. एवारिस्तोने तसं म्हटलं नाही, पण त्याला ते नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. आठ.

गाडी चढली. माथ्यापर्यंत आवाज हलला नाही.

एपिफानियो खुर्चीत परत येऊन बसला आणि चिंधी काढली. "आलं नाही बटण."

"नाही."

"नऊ वर्षं येत होतं म्हणालास."

"येत होतं."

"मग आज काय वेगळं केलंस?"

माथ्यावर ऊन होतं. खालच्या खोऱ्यावर धुकं पसरलं होतं आणि समोर कुणीतरी इंजिन डब्यांपासून सोडवण्याची खूण करत होतं.

"हळू गेलो," एवारिस्तो म्हणाला.

एपिफानियोने हँडलकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आणि इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तो तिचा स्वभाव आहे."

"इंजिनाला स्वभाव नसतो रे. रबर असतं, तेल असतं, आणि चालवणारा असतो." तो बोटं पुसत राहिला. "मी लिहितो, चांगली आहे. आणखी पाच वर्षं घाट चढेल."

दुपारी एवारिस्तो पुढच्यांची परतीची गाडी येईपर्यंत यार्डात थांबला, तिथे लेओबार्दो भेटला. दोघांनी हात मिळवले. लेओबार्दो काही म्हणणार होता, पण एवारिस्तोच आधी बोलला.

"ती खिडकी लागते की."

"रबर घातलं, कोंपाद्रे. सायकलच्या ट्यूबचं."

"मी नऊ वर्षं थंडीत बसलो."

"मला वाटलं तुम्हाला वारा आवडतो."

रुतिलिओ हसला. मग दोघांकडे बघून त्याने हसू आवरलं.

एवारिस्तो घरी आला तेव्हा बीन्स निखाऱ्यांवर ठेवलेल्या, अजून गरम होत्या. भोंगा त्याचाच होता आज, जरी मध्येच तुटलेला. हेनोवेवाने विचारलं, काय झालं. त्याने सगळं सांगितलं, मनगट धरल्यासकट, फक्त ओफेलियाने शिवलेल्या उशीबद्दल सांगितलं नाही. तिने त्याच्या ताटात आणखी एक टॉर्टिया टाकली.

"म्हणजे ती राहिली," ती म्हणाली.

"राहिली. त्याच्याकडे."

"वाईट वाटतंय?"

एवारिस्तोने विचार केला. वाईट वाटत नव्हतं. त्यापेक्षा बारीक आणि टोकदार काहीतरी होतं, आणि ते एवढ्यात जाणारं नव्हतं. त्या इंजिनाला नऊ वर्षं ज्या खोडीसाठी तो गोंजारत होता ती त्याचीच होती, आणि ती लेओबार्दोने काही न करता, नुसतं थांबून, तीन महिन्यांत घालवली होती. जुलैत पुन्हा पाळ्या फळ्यावर लागतील. लेओबार्दो पुन्हा आधी निवडेल.

"त्याला कमरेचा त्रास आहे," तो म्हणाला. "किती दिवस जमणार त्याला."

"तुलाही आहे," हेनोवेवा म्हणाली.

उद्याची गाडी सिमेंटचे डबे उशिरा भरल्यामुळे सहा पस्तीसला सुटेल. पुढे एवारिस्तो कोलोहुआ, मागे एकतीस-सतरावर लेओबार्दो मेरिनो.